हाय प्लेन्सवरील दुपारच्या तीव्र वादळांचे पूर्वानुमान

अमेरिकेत रॉकी पर्वताच्या पूर्वेला पसरलेल्या उंच, कोरड्या माळाला हाय प्लेन्स म्हणतात. कॅन्ससकडून पश्चिमेला जाताना जमीन नकळत चढत जाते. डेन्व्हरपाशी ती समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंच असते. उन्हाळ्यात डोंगरउतार आधी तापतात, दुपारच्या सुमारास तेथे ढग उभे राहतात आणि पूर्वेकडे माळावर उतरतात. ते कुठे, केव्हा उभे राहतील हे सांगणे तुलनेने सोपे. त्यांतले कोणते घातक ठरतील, हे अवघड.

त्याचा पहिला धागा बाष्पाचा. ओक्लाहोमाच्या सखल भागात १३ अंश सेल्सिअस दवबिंदू बेताचाच मानला जातो. येथे तेवढ्यावर सुपरसेल, म्हणजे स्वतःभोवती फिरणारे दीर्घजीवी वादळ, तयार होऊ शकते. जमीनच उंच असल्याने गोठणबिंदूची पातळी जवळ असते आणि गारांना वितळायला फारसे अंतर मिळत नाही. १३ ऑगस्ट २०१९ रोजी कोलोरॅडोतील बेथ्यून येथे पडलेल्या गारेचा व्यास सुमारे १२ सेंटीमीटर होता.

बाष्प वाऱ्यासोबत येते, म्हणून सकाळी आधी वाऱ्याची दिशा पाहावी. पश्चिमेचा वारा डोंगर उतरताना तापतो, कोरडा होतो. आग्नेयेचा वारा मेक्सिकोच्या आखाताकडील बाष्प चढावर आणतो. वर पश्चिमेचा जोरदार वारा असेल, तर वादळाला फिरकीही मिळते. डेन्व्हरहून सकाळी सोडलेल्या हवामान-फुग्याची नोंद जशीच्या तशी वापरणे धोक्याचे, कारण दुपारपर्यंत खालची हवा पालटलेली असते. अनुभवी अंदाजकार त्या नोंदीच्या आलेखात दुपारचे अपेक्षित तापमान व दवबिंदू घालून पुन्हा हिशेब करतो. सकाळचे खालचे ढग रेंगाळले, तर तो हिशेबही कोसळतो.

भूरूप आणखी गुंता वाढवते. डेन्व्हरच्या दक्षिणेला पामर डिव्हाइड ही पूर्व-पश्चिम उंच धार आहे. आग्नेय वारा ती ओलांडताना तिच्या उत्तरेला मोठा भोवरा पडतो. त्याला ‘डेन्व्हर सायक्लोन’ म्हणतात. त्याच्या कडेवर वारे एकमेकांना भिडतात. तेथे वाढत्या ढगाखाली जमिनीलगतची फिरकी वर ताणली जाऊन बारीक टोर्नेडो उठतात. रडारवर त्यांची पूर्वखूण बहुधा दिसत नाही. इशारा देताना राष्ट्रीय हवामान सेवेला प्रशिक्षित स्वयंसेवी निरीक्षकांच्या डोळ्यांचा मोठा आधार असतो.

वेळेचा नियमही पक्का नाही. २२ मे २००८ रोजी विंडसर गावावर आलेला विध्वंसक टोर्नेडो दुपारचे बारा वाजायच्या आत उठला होता, आणि नेहमीप्रमाणे पूर्वेकडे न जाता वायव्येकडे सरकला.