गुहागर परिसरातील पर्यावरणपूरक घरस्वच्छता

गुहागर परिसरातील पर्यावरणपूरक घरस्वच्छता म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात, तसेच एकूण कोकण किनाऱ्यावर, दमट हवेत घर कोरडे व निर्मळ राखण्यासाठी रूढ असलेल्या पद्धती होत. त्यांत राख, रिठा, चुना, कोकम आणि माडाचे निरनिराळे भाग अशा स्थानिक द्रव्यांचा व साधनांचा उपयोग केला जातो. कोरड्या प्रदेशात स्वच्छतेचा मुख्य रोख धुळीवर असतो, तर येथे तो ओलीवर असतो.

हवामान आणि ओल

गुहागर तालुका दाभोळची खाडी व जयगडची खाडी यांच्या दरम्यान अरबी समुद्राच्या किनाऱ्यावर वसलेला आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. या काळात भिंती, कपडे, पुस्तके व लाकडी सामान यांवर बुरशी धरते. खारे वारे लोखंडावर मिठाचा थर सोडतात. मीठ हवेतील पाणी शोषून घेत असल्याने गंज लवकर चढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत घरातील ओल व बुरशी यांचा संबंध दमा आणि श्वसनाच्या अन्य विकारांशी जोडला आहे.

आगोटीची तयारी

पावसाळा तोंडावर आला की कौले परतणे, फुटकी कौले बदलणे, पन्हळी साफ करणे आणि पडवीच्या उघड्या बाजूस झावळ्यांचे झाप बांधणे ही कामे उरकली जातात. गोधड्या, धान्य व लाकडी वस्तू वैशाखाच्या उन्हात वाळवून ठेवल्या जातात. धान्यात व कपड्यांत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालण्याची रीत आहे. जुन्या घरांत चुलीची ऊब व धूर यांमुळे माळा आणि वासे कोरडे राहत व किडीचा उपद्रव कमी होई. मात्र हाच धूर स्वयंपाक करणाऱ्यांच्या फुप्फुसांना अपायकारक असतो.

जमीन आणि भिंती

मातीची जमीन शेणाने सारवल्यास धूळ बसते व भेगा बुजतात. भर पावसात सारवण वाळत नसल्याने ते उघडीप पाहून केले जाते. जांभ्या दगडाच्या भिंतींना चुन्याचा गिलावा व सफेदी करण्याची पद्धत जुनी आहे. किनाऱ्यावर पूर्वी शिंपले भाजूनही चुना तयार केला जाई. ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असल्याने त्यावर बुरशी सहसा वाढत नाही, आणि त्याच्या सच्छिद्र थरातून भिंतीतील ओल बाहेर पडू शकते. ओल्या भिंतीवर प्लॅस्टिक रंग दिल्यास ती आत कोंडते आणि रंगाला पोपडे येतात.

साधने आणि द्रव्ये

खराटा : माडाच्या हिरांचा, अंगण व खळे झाडण्यासाठी.

केरसुणी : शिंदीच्या पानांची, घरातील केर काढण्यासाठी. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तिची पूजा केली जाते.

सोडण व काथ्या : नारळाच्या या तंतुमय भागांनी भांडी घासली जातात.

राख : लाकडाच्या राखेतील क्षार तेलकटपणा सैल करतात आणि तिचे बारीक कण डाग घासून काढतात.

रिठा : यातील सॅपोनिन या घटकामुळे पाण्याला फेस येतो. कपडे, विशेषतः रेशमी वस्त्रे, तसेच दागिने धुण्यासाठी उपयुक्त.

कोकम व चिंच : यांच्यातील आम्लामुळे तांब्या-पितळेच्या भांड्यांवरील काळपट थर विरघळतो. त्यांत थोडे मीठ मिसळल्यास परिणाम लवकर दिसतो.

आधुनिक काळातील वापर

सिमेंटची घरे, लाद्या आणि शौचकुपे आल्यानंतर ब्लीच व आम्लयुक्त द्रावणांचा वापर वाढला. जांभा सच्छिद्र असल्याने सांडपाणी विहिरीपर्यंत झिरपू शकते. शिवाय जंतुनाशके वारंवार ओतल्यास शौचकुपातील मैला कुजवणारे जिवाणू मरतात. फरशीसाठी सौम्य साबणाचे पाणी आणि लाद्यांवरील क्षारांच्या डागांसाठी व्हिनेगर हे पर्याय वापरता येतात. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र केल्यास ते एकमेकांचा प्रभाव नाहीसा करतात. म्हणून ते वेगवेगळे वापरावे लागतात.

मर्यादा आणि दक्षता

पदार्थ नैसर्गिक असला म्हणजे तो निर्धोक असतोच असे नाही. शेणात धनुर्वाताच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात, त्यामुळे ते जखमेपासून दूर ठेवणे आवश्यक असते. कळीचा चुना डोळ्यांना गंभीर इजा करतो. रिठ्याचे पाणी माशांना विषारी असल्याने ते वहाळात सोडणे योग्य नसते. व्हिनेगर, चिंच यांसारखी आम्ले चुन्याच्या भिंतीची व संगमरवराची झीज करतात. ब्लीचमध्ये कोणतेही आम्ल मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो.

बुरशी पुसून काढली तरी ओल कायम राहिल्यास ती पुन्हा धरते. म्हणून गळती थांबवणे, समोरासमोरच्या खिडक्या उघडून हवा खेळती ठेवणे, कपाटे भिंतीपासून थोडी दूर ठेवणे आणि भिजलेली वस्तू शक्यतो २४ ते ४८ तासांत वाळवणे या उपायांना कोणत्याही स्वच्छताद्रव्यापेक्षा अधिक महत्त्व आहे.

हेही पहा

जांभा दगड
कोकम
रिठा