नाविकांच्या आठवणी आणि डिस्चार्जचा कागद

इंझोरी हे आमचे गाव मानोरा तालुक्यात आहे. कापूस, तूर आणि अलीकडे सोयाबीन यांवर चालणारा हा मुलूख. येथून कोणत्याही दिशेस निघाले तरी समुद्र दीडशे कोसांच्या आत हाती लागत नाही. त्यामुळे सैन्यात गेलेल्या मनुष्याची गोष्ट निघाली की आमच्या लोकांच्या डोळ्यांपुढे पलटण, बंदूक आणि सरहद्द एवढेच उभे राहते. आरमार व जहाज यांचा विचार सहसा कोणी करीत नाही. यंदाच्या स्मरणिकेसाठी सैनिकांविषयी काही लिहावे, अशी मंडळाच्या कार्यवाहांनी सूचना केली, तेव्हा नाविकांवरच लिहावे असे आम्ही ठरविले. पलटणीच्या शौर्याचे लेख वाचकांनी पूर्वी पुष्कळ वाचले आहेत. नाविकांची बाजू मात्र आपल्या भागात फारशी कोणी मांडलेली नाही.

आरमार महाराष्ट्रास नवे नाही. छत्रपती शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीकडे जहाजे बांधविली आणि पुढे कान्होजी आंग्र्यांनी पश्चिम किनाऱ्यावर दरारा बसविला, हे शाळेतील मुलेही जाणतात. परंतु तो सारा वारसा कोकणपट्टीचा होता. घाटावर व वऱ्हाडात चित्र निराळे. समुद्र ओलांडला की धर्म बुडाला, अशी समजूत येथे दीर्घकाळ होती. सिंधुबंदी म्हणतात ती हीच. विलायतेहून परतलेल्या मनुष्यास प्रायश्चित्त घ्यावयास लावण्याचे, प्रसंगी पंक्तीबाहेर बसविण्याचे प्रकार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अनेक ज्ञातींत घडत असत. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत हे लिहिताना आम्हांस संकोच वाटत नाही. आपल्या वाडवडिलांच्या ज्या गोष्टी आपण सोडून दिल्या, त्याही आपल्या इतिहासात मोडतात.

ही बंदी शास्त्रार्थाने जितकी सुटली, त्याहून अधिक पोटाने सोडविली. दुसरे महायुद्ध १९३९ मध्ये सुरू झाले तेव्हा रॉयल इंडियन नेव्ही म्हणजे त्या वेळचे हिंदी आरमार अगदीच लहान होते. खलाशी व शिपाई मिळून जेमतेम दीड-दोन हजार माणूस. त्यात रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान आणि पंजाबी मुसलमान यांचा भरणा मोठा. युद्ध वाढत गेले तशी भरतीची दारे सर्व प्रांतांना व सर्व जातींना उघडावी लागली आणि १९४५ पर्यंत हाच आकडा पंचवीस हजारांच्या वर गेला. ज्यांनी तळ्यापलीकडे पाणी पाहिले नव्हते अशी सतरा-अठरा वर्षांची पोरे जाहिराती वाचून भरती झाली. चांगला पगार, चांगले अन्न, धंद्याचे शिक्षण आणि युद्धानंतर नोकरीची सोय, असे त्या जाहिरातींचे बोलणे असे. आपल्याकडून कोणी निघालाच तर कारंज्याहून अरुंद रुळांच्या शकुंतलेत बसून मूर्तिजापूर, तेथून मोठी गाडी धरून मुंबई, असा त्याचा मार्ग. ती शकुंतलाही आता इतिहासजमा झाली.

जहाजांना सरकारने आपल्याच मुलखाची नावे दिली होती. सतलज, जमना, नर्मदा, गोदावरी, कावेरी, कृष्णा ही मोठ्या लढाऊ जहाजांची नावे. लहान ट्रॉलर जातीच्या जहाजांना शहरांची व प्रांतांची नावे असत. त्यांत एक 'नासिक' होते आणि वाचकांस नवल वाटेल, एक 'बेरार'ही होते. बेरार म्हणजे आपला वऱ्हाड! ज्या प्रांताला समुद्र नाही त्याच्या नावाचे जहाज समुद्रावर फिरत होते, ही गोष्ट आम्हांस फार उशिरा कळली; आधी कळली असती तर वर्गात निश्चित सांगितली असती.

नाविकांच्या आठवणी वाचताना एक गोष्ट ध्यानी येते. लढाईचे वर्णन ते थोडक्यात करतात. मात्र निजणे, जेवणे आणि हाक मारणे यांविषयी भरभरून सांगतात. निजावयास खाट नसे. कापडी झोळी दोन बाजूंच्या आकड्यांना टांगावयाची, आपल्याकडे लेकरांसाठी टांगतात तशीच, आणि सकाळी ती गुंडाळून ठेवावयाची. शेजाऱ्याची झोळी हातभर अंतरावर. गोडे पाणी मोजून मिळे. जहाजावरचा दिवस चार-चार तासांच्या पाळ्यांनी चाले. दर अर्ध्या तासाला घंटा होई. पहिल्या अर्ध्या तासाला एक टोला, दुसऱ्याला दोन, असे करीत आठ टोले पडले की पाळी बदलली. सायंकाळच्या चार ते आठ या पाळीचे दोन तुकडे करीत, म्हणजे तोच मनुष्य रोज मध्यरात्री जागत राहू नये. आम्ही सारी हयात शाळेच्या घंटेवर काढली असल्यामुळे ही युक्ती आम्हांस विशेष भावली.

लढाईचा एक प्रसंग मात्र सांगितलाच पाहिजे. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी 'बेंगाल' हे हिंदी आरमाराचे सातशे टनांच्या आतले सुरुंग काढणारे जहाज 'ओंडिना' या डच तेलवाहू जहाजाच्या सोबतीस हिंदी महासागरात चालले होते. समोरून दोन जपानी लढाऊ जहाजे आली. प्रत्येक दहा हजार टनांवरचे. बेंगालवर खरी म्हणावी अशी तोफ एकच, तीही लहान. पळ काढण्याऐवजी बेंगालने सरळ त्यांच्या अंगावर चाल केली. बेंगाल व ओंडिना या दोहोंच्या माऱ्यात एका जपानी जहाजास आग लागून ते बुडाले आणि आपली दोन्ही जहाजे अखेर बंदरास लागली. ज्या गोळ्याने काम झाले तो कोणाचा, यावर पुढे वाद झाला. तो वाद आम्ही विद्वानांवर सोपवितो. नवखी हिंदी पोरे त्या तोफेजवळून हलली नाहीत, एवढे आम्हांस पुरे आहे.

आता युद्ध संपले. नाविकांची अपेक्षा अशी की, शब्द दिला होता तो पाळला जाईल. पण पाळला कोण जाणार! हजारो लोकांना घरी पाठविण्याची तयारी सुरू झाली. पुढील नोकरीचा पत्ता नव्हता. गोऱ्या नाविकाचा पगार व सोयी निराळ्या, काळ्या नाविकाच्या निराळ्या. मुंबईस कुलाब्याला 'तलवार' नावाचे ठाणे होते. हे जहाज नव्हे, तर किनाऱ्यावरची संदेशविद्येची शाळा. आरमारी शिरस्त्याप्रमाणे तिलाही जहाजासारखेच नाव. येथे तारायंत्र व बिनतारी संदेशाचे काम शिकवीत, म्हणून येथील मुले इतरांहून अधिक शिकलेली असत. मॅट्रिक झालेली पुष्कळ. वर्तमानपत्र वाचणारी, आझाद हिंद सेनेच्या खटल्यांच्या बातम्या चर्चिणारी ही पोरे होती. बलाईचंद्र दत्त या बंगाली तारायंत्र्याने व त्याच्या सोबत्यांनी १ डिसेंबर १९४५ रोजी, नौदलदिनाचा समारंभ असताना, भिंतींवर 'चले जाव'च्या घोषणा रंगविल्या. पुढे २ फेब्रुवारी १९४६ रोजी सरसेनापतींच्या भेटीच्या वेळी पुन्हा तोच प्रकार झाला आणि दत्त पकडला गेला. तलवारचा प्रमुख कमांडर किंग याने त्या मुलांना अशा शिव्या हासडल्या की त्या येथे छापणे उचित नाही. कुली व रानटी हे त्यांतील सौम्य शब्द.

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी सकाळी तलवारवरील नाविकांनी न्याहारी नाकारली. समोर आलेली डाळ खाण्याजोगी नव्हती, हे निमित्त. निमित्त आम्ही म्हणतो खरे, पण ते क्षुद्र होते असे नव्हे. ज्या मनुष्यास दररोज निकृष्ट अन्न वाढले जाते, त्यास आपली किंमत काय आहे हे दररोज तीनदा सांगितले जाते. अन्न नाही तर काम नाही, अशी घोषणा झाली. दुसऱ्या दिवशी मुंबई बंदरातील जहाजे त्यांना मिळाली. संपसमिती निवडली गेली. तिचे अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदनसिंग. एक मुसलमान, एक शीख. जहाजांवरून ब्रिटिश निशाण उतरले आणि काँग्रेसचे, लीगचे व लाल, अशी तीन निशाणे एकत्र चढली. त्यानंतर दीड वर्षाने देशात काय झाले हे आपण जाणतो, म्हणून या तीन निशाणांचा उल्लेख वाचताना आमचे मन थांबते.

पाहता पाहता ७८ जहाजे, २० किनारी ठाणी आणि सुमारे २०,००० नाविक या संपात आले. २१ फेब्रुवारीस मुंबईच्या कॅसल बराकीला लष्कराचा वेढा पडला व गोळ्या झडल्या. आरमारप्रमुख गॉडफ्रे यांनी आकाशवाणीवरून बजाविले की, सरकार सर्व बळ वापरील, मग त्यात आरमार नष्ट झाले तरी बेहत्तर. त्याच वेळी गेटवेजवळ मुंबईची सामान्य माणसे टोपल्या भरभरून अन्न घेऊन आली आणि ते नाविकांच्या होड्यांत चढविले गेले. ज्यांनी सरकारी अन्न नाकारले होते, त्यांना लोकांनी जेवू घातले. २२ तारखेस गिरणगाव बंद पडले. रस्त्यांवर झालेल्या गोळीबारांत त्या दिवसांत दोनशेच्या वर माणसे मेली. परळच्या कमल दोंदे त्यांत होत्या.

कराचीतही तोच वणवा पेटला होता. तेथे 'हिंदुस्तान' हे जहाज अघाडीस. ते ज्या बेटाजवळ उभे होते त्याचे नाव मनोरा. बहादूर, हिमालय, चमक ही आरमारी शिक्षणाची ठाणी त्याच बेटावर. आमच्या मानोरा तालुक्यातील वाचकांस हे नाव वाचून क्षणभर घरची आठवण होईल. नामसादृश्यापलीकडे त्यात काही नाही. पण एखादा वऱ्हाडी पोरगा तेथे शिकावयास गेला असेल, तर घरी पाठविलेल्या पत्रावर 'मनोरा' लिहिताना त्यास काय वाटले असेल, हा विचार मनात येतोच. २२ फेब्रुवारीच्या सकाळी लष्कराने तोफा डागल्या, हिंदुस्ताननेही उलट मारा केला; अर्ध्या तासाच्या आत सारे आटोपले. नाविक मेले, जखमी झाले, उरलेल्यांना पकडून नेले.

सरदार पटेलांनी खान यांची भेट घेऊन शरण जाण्याचा सल्ला दिला आणि कोणावर सूड उगविला जाणार नाही याची खटपट काँग्रेस करील असे सांगितले. जीनांनीही तसेच आवाहन केले. २३ फेब्रुवारीस सकाळी नाविकांनी शरणागती पत्करली. आपण इंग्रजांना नव्हे, आपल्या देशाला शरण जात आहोत, असे त्यांच्या समितीचे शेवटचे म्हणणे होते. सरदारांचा सल्ला शहाणपणाचा होता की नाही यावर दोन मते आहेत. हाती सत्ता येऊ घातली असताना सैन्याची शिस्त मोडू द्यावयाची नाही, हा त्यांचा विचार आम्हांस समजतो. परंतु सूड उगविला गेला, हेही तितकेच खरे. ४७६ नाविकांना नोकरीतून काढून टाकण्यात आले आणि स्वातंत्र्य मिळाल्यावरही भारताच्या अथवा पाकिस्तानच्या आरमाराने त्यांना परत घेतले नाही. न्यायमूर्ती फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने साक्षी घेतल्या. अन्न, पगार, भरतीची खोटी आश्वासने व वर्णभेदाची वागणूक याविषयींच्या नाविकांच्या तक्रारी तिने निराधार ठरविल्या नाहीत. तक्रार खरी ठरली, आणि तक्रार करणारा घरी गेला!

घरी गेला म्हणजे काय, हे आपण खेड्यातील लोक अधिक चांगले जाणतो. सैन्यातून परतलेल्या मनुष्याकडे पेन्शन असते, गावात मान असतो, मारुतीच्या पारावर त्याचे बोलणे लोक ऐकतात. बडतर्फ होऊन आलेल्याजवळ एक कागद तेवढा असे. त्यावर त्याचा नंबर, हुद्दा, जहाजे, तारखा आणि नोकरीतून कमी केल्याचा शेरा. तो दाखविला तर दुसरी सरकारी नोकरी मिळणे अवघड. न दाखविला तर मधली वर्षे कोठे होता हे सांगणे अवघड. अशा मनुष्याने आठवणी सांगाव्या कोणाला? दत्त मुंबईस राहिला, वर्तमानपत्रात लागला आणि १९७१ मध्ये त्याने या उठावावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. ते लिहावयास पंचवीस वर्षे जावी लागली, आणि तो तर शहरात होता, लेखणी बाळगून होता.

पुढे काळ पालटला. १९७२ साली स्वातंत्र्यसैनिकांच्या सन्मान निवृत्तिवेतनाची केंद्र सरकारची योजना आली आणि १९४६ च्या नाविक उठावास स्वातंत्र्यलढ्याचा भाग म्हणून तीत मान्यता मिळाली. मात्र मागणाऱ्याने पुरावा दिला पाहिजे, कागद दाखविला पाहिजे. जो शेरा लपवून ठेवावयाचा, तोच आता पुरावा. ज्याने तो पेटीच्या तळाशी जपून ठेवला त्यास आधार. ज्याने रागाने वा लाजेने फाडून टाकला असेल, त्याने काय दाखवावे? कुलाब्यास २००१ मध्ये या उठावाचे स्मारक उभे राहिले. २०२२ च्या प्रजासत्ताकदिनी नौदलाने दिल्लीच्या संचलनात आपल्या चित्ररथावर हाच उठाव दाखविला. ज्या आरमाराने त्यांना परत घेतले नाही, त्याच आरमाराने हे केले याचे आम्हांस समाधान वाटते. पाहावयास त्यांपैकी फारच थोडे उरले असतील.

आमच्या अध्यापनाच्या काळात या प्रसंगास पाठ्यपुस्तकात चार-सहा ओळी असत आणि परीक्षेत त्यावर बहुधा एका गुणाचा प्रश्न येई. मुले तारीख पाठ करीत. डाळीची गोष्ट आम्ही तोंडी सांगत असू. तीच त्यांच्या लक्षात राहिली, असे पुढे भेटणारे विद्यार्थी सांगतात.

सभासद कुटुंबांपैकी कोणाच्या घरी आजोबा, चुलत आजोबा वा मामा युद्धाच्या काळात आरमारात होते अशी बोलवा असेल, तर जुन्या पेट्या एकदा पाहाव्या. इंग्रजी टंकलिखित जाड कागद, वर मुकुटाचे चिन्ह, खाली 'तलवार', 'नर्मदा', 'हिंदुस्तान' अशी नावे किंवा इतर जहाजांची नावे आढळतील. शेवटच्या ओळीत नोकरी संपल्याचे कारण व तारीख असेल. मूळ कागद आपल्याजवळच ठेवावा, नक्कल मंडळाच्या कार्यालयात द्यावी. अक्षर लागत नसेल तर इंझोरीस आमच्या घरी आणावा. दुपारी तीननंतर आम्ही घरीच असतो, वाचून देऊ.