भाता नसलेली पेटी

गेल्या दिवाळीच्या आधी अप्पांना घेऊन की-बोर्ड बघायला गेलो होतो. अप्पा म्हणजे माझे वडील. चाळीस वर्षं त्यांनी गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवली. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. चालणं हळूहळू परत आलं, डावा हात मात्र आला नाही. उजव्या हाताची बोटं अगदी पूर्वीसारखी, पण पेटीला दोन हात लागतात. उजवा पट्ट्यांवर, डावा भात्यावर. काही दिवस आई भाता मारायची आणि अप्पा वाजवायचे. पाचव्या दिवशी त्यांनी पेटीवर कापड टाकलं. म्हणाले, "सूर माझा आणि श्वास दुसऱ्याचा, हे नाही जमत."

म्हणून की-बोर्ड. बजेट पंधरा हजारांचं. घरी सराव करता यावा आणि एकादशीला मंडळात वाजवताही यावा, एवढीच अपेक्षा. दुकानातल्या मुलाने एक चकचकीत वाद्य पुढे केलं. "चारशे आवाज, शंभर ताल!" अप्पांनी एक पट्टी हलकेच दाबली, मग तीच जोरात दाबली. दोन्ही वेळा आवाज तेवढाच. अप्पांनी विचारलं, "ह्याचा भाता कुठाय?"

मुलगा हसला. "काका, हा विजेवर चालतो."

मीही हसलो. पण घरी आल्यावर तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. खरंच, भाता गेला कुठे? मग पुढचे पंधरा दिवस मी वाचत बसलो, आणि माझ्या लक्षात आलं की स्वस्त की-बोर्डाचा सगळा इतिहास अप्पांच्या त्या प्रश्नातच आहे.

सुरुवात पेटीपासूनच करू. पॅरिसच्या अलेक्सांद्र दबें यांनी १८४२ मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ती पायाने भाता मारायची होती. आपल्याकडे लोक जमिनीवर बसून गातात, म्हणून भाता पाठीमागे गेला आणि डाव्या हाताला काम मिळालं. हातपेटीच्या या रूपाचं श्रेय कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांना देतात. ही पेटी स्वस्त होती, उचलून नेता येत होती आणि पटकन शिकताही येत होती. पण मींड तिच्यातून निघत नाही, या मुख्य आक्षेपावरून १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने तिला बंदी घातली, ती १९७१ मध्ये सैल झाली. म्हणजे स्वस्त आणि सोयीच्या वाद्यात काय हरवतं, हा वाद आपल्याकडे की-बोर्डाच्या आधीपासूनचा आहे. मात्र पेटीत मींड नसली तरी श्वास होता. गायक हळू झाला की डावा हात हळू होतो. हे भजनी मंडळात कुणाला शिकवावं लागत नाही.

आता विजेच्या वाद्यांकडे येऊ. १९७० मध्ये अमेरिकेत मिनीमूग आला. ४४ पट्ट्या, किंमत सुमारे दीड हजार डॉलर, आणि एका वेळी एकच सूर! कारण प्रत्येक सुरासाठी आत वेगळं सर्किट लागायचं आणि सर्किट महाग होतं. पण त्याच्या डाव्या बाजूला दोन चाकं होती. एकाने सूर खालीवर ओढता यायचा, दुसऱ्याने त्यात कंप आणता यायचा. म्हणजे डाव्या हाताला तिथे काम होतं.

मग चिपा स्वस्त झाल्या. कॅल्क्युलेटर बनवणाऱ्या कॅसिओने १९८० मध्ये कॅसिओटोन २०१ काढला. ४९ पट्ट्या, २९ आवाज, आणि एका वेळी अनेक सूर. पुढे याच घराण्यातली छोटी वाद्यं आखातातून येणाऱ्या काका-मामांच्या बॅगांतून आपल्याकडे आली. इतकी, की आजही कित्येक जण कुठल्याही की-बोर्डाला "कॅसिओ" म्हणतात. घराघरांत सूर पोचला, हे मोठंच काम झालं. पण या वाद्यांत पट्टी म्हणजे विजेचं बटण. दाबली की आवाज, सोडली की बंद.

बोटाचा जोर ओळखणारी पट्टी महाग का, तेही गमतीचं आहे. अशा प्रत्येक पट्टीखाली सहसा एकाऐवजी दोन संपर्कबिंदू असतात. पट्टी खाली जाताना आधी एक जुळतो, मग दुसरा. मधला वेळ यंत्र मोजतं. वेळ कमी म्हणजे पट्टी जोरात मारली. थोडक्यात, ते जोर मोजत नाही, वेग मोजतं. १९८३ च्या यामाहा डीएक्स७ मध्ये ६१ पट्ट्यांना ही सोय होती, शिवाय फुंकून आवाज कमीजास्त करायची नळीसुद्धा जोडता यायची. विजेच्या पेटीला श्वास! किंमत दोन हजार डॉलरच्या घरात. दोन वर्षांनी त्याच घराण्यातला स्वस्त डीएक्स१०० आला. त्याच्या पट्ट्या बारीक होत्या आणि त्यांना जोर कळत नव्हता. पण मिडीच्या तारेने दुसरा चांगला की-बोर्ड जोडला, की हेच यंत्र हळू आणि जोरात बरोबर ओळखायचं. म्हणजे समज आत होती, फक्त बोटापर्यंत पोचवली नव्हती. पैसे वाचवायची जागा ठरली ती ही.

दुकानातल्या चारशे आवाजांचं रहस्य मला इथे कळलं. चिपेत आणखी शंभर आवाज भरणं स्वस्त पडतं, पट्टी चांगली करणं महाग. म्हणून खोक्यावर आवाजांचा आकडा मोठा छापतात.

मी अप्पांना सांगितलं, "जोर कळणारा घेऊ." दुसऱ्या दुकानात तसा मिळाला. अप्पांनी वाजवून पाहिला आणि मान हलवली. पट्टीचा वेग फक्त सुराची सुरुवात ठरवतो. लांब धरलेला सूर मध्येच फुलवायचा तर? भात्याने तो फुलतो, इथे नाही. मी गप्प झालो.

उत्तर अप्पांनीच दिलं. लहानपणी त्यांनी संगीत नाटकं पाहिली होती. म्हणाले, "अरे, नाटकात ऑर्गनवाला पायाने भाता मारायचा की! दोन्ही हात मोकळे." मी पुन्हा वाचायला बसलो. १९३५ च्या हॅमंड ऑर्गनला आवाज फुलवायचं पेडल होतंच, आणि चांगल्या की-बोर्डांना आजही ते जोडता येतं. स्वस्त वाद्यांत मात्र बहुधा सूर लांबवायच्या पेडलचीच खाच असते, फुलवायच्या पेडलची नसते. दोन्ही खाचा दिसायला सारख्या, म्हणून विचारूनच घ्यावं लागतं.

नव्यात ते बजेटबाहेर होतं. शेवटी ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या एका गृहस्थांकडून जुना, ६१ पट्ट्यांचा, ओरखडे पडलेला की-बोर्ड पेडलसकट चौदा हजारांत घेतला. त्याला स्वतःचे स्पीकर नाहीत. घरी हेडफोन आणि मंडळात माईकवाल्याचा अ‍ॅम्प्लिफायर. गायकाची पट्टी काळी दोन असो नाहीतर पांढरी चार, एक बटण दाबून स्वर बदलता येतो. हे अप्पांना फार आवडलं.

कार्तिकी एकादशीला ते मंडळात बसले. म्हणजे खुर्चीवर बसले, बाकी सगळे खाली. पहिल्या अभंगात पाय उशिरा पडत होता. गायक खाली आला तरी सूर वरच. टाळकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, मी मान खाली घातली. तिसऱ्या अभंगाच्या शेवटी मात्र गायकाने एक सूर धरला, हळू केला, आणि अप्पांचा सूर त्याच्याबरोबर खाली उतरला.

घरी येताना विचारलं, "कसं वाटलं?"

"पाय अजून कच्चा आहे," अप्पा म्हणाले. चौऱ्याहत्तरावं वर्ष चालू आहे त्यांचं. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून पाहिलं, तर हेडफोन लावून बसले होते. खोलीत आवाज काहीच नाही. फक्त उजवा पाय सावकाश खालीवर होत होता.