मुक्तद्वार ग्रंथालये आणि दारापुढील पायऱ्या

अँड्र्यू कार्नेगी यांचे खासगी सचिव जेम्स बर्ट्रम यांनी १९११ साली ग्रंथालयांच्या बांधकामाविषयी सूचनांचे एक लहानसे पत्रक छापले. अनुदान मागणाऱ्या गावांनी खांब, घुमट आणि नक्षी यांवर पैसा उधळू नये, हा त्यामागील हेतू. एक मजला व त्याखाली तळघर. तळघर जमिनीत सुमारे ४ फूट आणि उंचीला ९ ते १० फूट. वर १२ ते १५ फूट उंचीचे वाचनदालन, असा साधा आयताकृती आराखडा त्यात सुचविलेला होता. हिशेब केला तर मुख्य दालनाची फरशी रस्त्यापासून ५-६ फूट उंच येते. सहा इंचांची एक धरल्यास दारापर्यंत १० ते १२ पायऱ्या चढाव्या लागतात.

कार्नेगींच्या देणगीतून १८८३ पासून १९२९ पर्यंत जगभर अडीच हजारांहून अधिक ग्रंथालये उभी राहिली. त्यांतील सोळाशेंहून अधिक एकट्या अमेरिकेतील. यांपैकी कितीतरी इमारतींपुढे हा जिना आहे. ज्ञानाकडे जाणारा मनुष्य वर चढतो, असा अर्थ पुढे त्याला चिकटविण्यात आला, आणि समारंभातील भाषणांना तो सोयीचाही होता. प्रत्यक्षातील कारणे मात्र साधी होती. तळघरात कोळशाची भट्टी आणि व्याख्यानाची खोली असे. तिला उजेड व हवा मिळावी म्हणून खिडक्या जमिनीच्या वर काढाव्या लागत, आणि खिडक्या वर आल्या की वरचा मजलाही वर जाई. आपल्याकडे ओल आणि पावसाचे पाणी यांच्या भीतीने घराचे जोते उंच बांधीत, त्यातलाच हा प्रकार.

याच इमारतींनी आणखी एक गोष्ट रूढ केली. पूर्वी वाचकाने चिठ्ठी द्यावी आणि सेवकाने आतून पुस्तक आणून द्यावे, अशी रीत होती. कार्नेगी ग्रंथालयांच्या आराखड्यात ग्रंथपालाचे मेज मध्यभागी आणि कपाटे भिंतींना लागून असल्यामुळे एकच व्यक्ती सर्व दालनावर नजर ठेवू शके, आणि वाचक स्वतः कपाटापर्यंत जाऊ शके. मराठीत हिलाच आपण मुक्तद्वार पद्धत म्हणतो. मागितलेल्या पुस्तकाच्या शेजारी उभे असलेले, कधी नावही न ऐकलेले पुस्तक हाती लागणे, हा या पद्धतीचा खरा लाभ. कपाट मुक्त झाले आणि दार पायऱ्यांवर चढले, या दोन्ही गोष्टी एकाच नकाशावर घडल्या. ज्याला पायऱ्या चढता येत नाहीत त्याच्यासाठी जुनी चिठ्ठीची पद्धतच चालू राहिली. फरक इतकाच की आता चिठ्ठी घेऊन दुसऱ्या कोणाला तरी पाठवावे लागे.

अमेरिकेतील या ग्रंथालय-चळवळीचा आपल्याशी संबंध आला तो बडोद्यात. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास राज्यात आणले, आणि त्यांच्या तीन वर्षांच्या वास्तव्यात मध्यवर्ती ग्रंथालय व गावोगावच्या ग्रंथालयांची घडी बसली. मध्यवर्ती ग्रंथालयातील पोलादी कपाटांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे, ती उजेड खालपर्यंत झिरपावा म्हणून. ज्यांच्यापर्यंत ग्रंथालय पोहोचत नव्हते त्यांच्याकडे पेट्यांतून फिरती ग्रंथालये जात. पुस्तक वाचकाकडे नेण्याची ही व्यवस्था थोरच; परंतु पेटीत काय घालायचे ते पेटी भरणारा ठरवितो, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

चाकांच्या खुर्चीचा इतिहास या साऱ्याहून जुना आहे. न्यूरेंबर्गचा घड्याळजी श्टेफान फार्फलर याने १६५५ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, हाताने दांडा फिरवून चालविण्याची तीनचाकी स्वतःसाठी बनविली. त्याचे पाय अधू होते. अठराव्या शतकात इंग्लंडातील बाथ येथे आजारी लोकांना हिंडविण्याच्या चाकाच्या खुर्च्या प्रसिद्ध झाल्या. पण या खुर्च्या अवजड होत्या, आणि बहुधा दुसऱ्याने ढकलाव्या लागत. मोठा बदल १९३३ चा. खाणीतील अपघाताने अपंग झालेले हर्बर्ट एव्हरेस्ट आणि त्यांचे अभियंता मित्र हॅरी जेनिंग्ज यांनी नळ्यांची, कात्रीसारखी मिटणारी खुर्ची तयार केली. ती मोटारीत मावे. आता मनुष्य आपल्या खुर्चीसह शहरात कोठेही जाऊ शकत होता, आणि त्यामुळेच प्रत्येक इमारतीच्या पायरीशी त्याची गाठ पडू लागली.

घरातील जिन्यावर तोडगे त्याआधीपासून निघाले होते. पेनसिल्व्हेनियातील सी. सी. क्रिस्पेन यांनी १९२३ मध्ये आजारी मित्रासाठी जिन्याच्या कडेने रुळावर सरकणारी खुर्ची बनविली. जिना जसाच्या तसा राहतो, हा तिचा गुण. पण चाकांच्या खुर्चीवरून उठून तिच्यावर बसावे लागते, आणि वर पोहोचल्यावर दुसरी चाकांची खुर्ची तयार असावी लागते. १९२१ साली पोलिओने पाय गमावलेले फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी हाइड पार्क येथील घरात सामान चढविण्याचा जुना पाळणा वापरला. दोर ओढून ते स्वतःच वर जात. राष्ट्राध्यक्षपदी चढलेल्या मनुष्याच्या घरची ही स्थिती, तर नगरवाचनालयात जाऊ पाहणाऱ्या सामान्य वाचकाचे काय होत असेल, याची कल्पना येते.

दुसऱ्या महायुद्धाने हा प्रश्न घरातून सार्वजनिक इमारतींत आणला. जखमी सैनिक सरकारी खर्चाने शिकण्यासाठी विद्यापीठांत येऊ लागले. इलिनॉय विद्यापीठात टिमोथी न्यूजंट यांनी १९४८ मध्ये अपंग विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम सुरू केला आणि इमारतींना उतार बांधून घेतले. किती चढ हाताने चाके फिरवून चढता येतो, वळायला किती जागा लागते, हे विद्यार्थ्यांच्याच प्रत्यक्ष वापरातून मोजले गेले. न्यूजंट यांच्या पुढाकाराने १९६१ साली अमेरिकेचे पहिले राष्ट्रीय मानक निघाले. पुस्तिका अवघ्या काही पानांची. खुर्चीची रुंदी २५ इंच, लांबी ४२ इंच. वळण्यास सुमारे ५ फूट चौरस जागा. आणि उतार १ फूट उंचीस किमान १२ फूट लांब. प्रत्येक इमारतीचे निदान एक मुख्य प्रवेशद्वार चाकांच्या खुर्चीने वापरता यावे, असेही त्यात होते.

ते मानक बंधनकारक नव्हते. इंग्लंडात स्वतः पोलिओ झालेले वास्तुविशारद सेल्विन गोल्डस्मिथ यांचा या विषयावरील ग्रंथ १९६३ साली आला. अमेरिकेत १९६८ व १९७३ चे कायदे झाले, पण त्यांची कक्षा मुख्यतः सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांपुरती होती. १२ मार्च १९९० रोजी वॉशिंग्टनमध्ये संसदभवनापुढे सुमारे ६० अपंग माणसे खुर्च्या आणि कुबड्या खाली ठेवून पायऱ्यांवरून सरपटत वर गेली. त्यांत आठ वर्षांची जेनिफर कीलन होती. त्याच वर्षी २६ जुलैला अपंगांच्या हक्कांचा व्यापक कायदा संमत झाला, आणि जुन्या कार्नेगी इमारतींच्या विश्वस्तांपुढे नकाशे उलगडले गेले.

नकाशावर पहिली अडचण जागेची. पाच फूट उंचीस १:१२ प्रमाणे ६० फूट उतार लागतो. एका दमात ३० इंचांपेक्षा अधिक चढायचे नाही, हा नियम. म्हणून मध्ये ५ फुटांचा सपाट टप्पा, आणि खाली-वर तसेच दोन. एकूण ७५ फूट. गावच्या चौकातील लहानशा इमारतीची दर्शनी बाजूही कित्येकदा इतकी लांब नसते. उतार दुमडून घेतला तर लांबी निम्म्यावर येते, पण रुंदी दुप्पट होते आणि दर्शनी भाग कठड्यांमागे झाकला जातो. पुष्कळ गावांनी बाग बळी देऊन हेच केले. उताराची एक बाजू मात्र कधी विसरता येत नाही: तो बिघडत नाही, त्याला वीज लागत नाही, आणि किल्लीही लागत नाही.

पायऱ्या आणि उतार एकातच गुंफण्याचा प्रयोग कॅनडातील व्हँकूव्हर येथे आर्थर एरिकसन यांनी रॉबसन चौकात केला. रुंद पायऱ्यांमधून उतार तिरका, वळसे घेत वर जातो. छायाचित्रात तो अतिशय देखणा दिसतो. परंतु त्याला पुरेसे कठडे नाहीत, आणि ज्याची दृष्टी अधू आहे त्याला पायरी कोठे संपते ते उमगत नाही. एकाची सोय दुसऱ्याचा धोका झाली.

जिथे उतार बसत नाही तिथे उभी वर जाणारी उघडी लिफ्ट लावतात. तिचा तळ सुमारे ३ फूट रुंद व ४ फूट लांब. यंत्र धरून ५-६ फुटांच्या चौकोनात काम भागते. ७५ फुटांच्या जागी एवढेच. जिन्याच्या भिंतीवरील रुळावरून खुर्चीसकट वर नेणारी आणि काम झाल्यावर भिंतीला मिटून ठेवता येणारी फळी याहूनही कमी जागा घेते. पण ती चालू असेतो जिना अडतो आणि खालची रांग वर बघत राहते. शिवाय ती चालविण्यास बहुधा सेवकाला हाक मारावी लागते. दररोज हाक मारावी लागणारा वाचक हळूहळू येईनासा होतो.

कार्नेगी इमारतींना सर्वांत मानवलेला उपाय म्हणजे बाजूस किंवा मागे जोडलेला अरुंद भाग. दारातून आत आल्यावर अर्धा जिना वर आणि अर्धा खाली, अशी या इमारतींची रचना. तेव्हा रस्ता, तळघर आणि वाचनदालन अशा तीन ठिकाणी थांबणारी, समोरासमोर दोन दारांची लिफ्ट तिथे बसवतात. तळघरातील बालविभाग आणि व्याख्यानाची खोलीही त्यामुळे सर्वांना मिळते. यावर आक्षेप असा, की मग काही जण पुढून आणि काही जण मागून येतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने १९९३ मध्ये जुन्या वास्तूंसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत, शक्य तिथे मुख्य दारच सुगम करावे असे सांगितले आहे. नवे दार हेच सर्वांचे दार करून हा आक्षेप मिटविता येतो. जुना जिना मग छायाचित्रापुरता उरतो.

इंग्लंडात १९९५ च्या कायद्यातील इमारतींविषयीचे कर्तव्य ऑक्टोबर २००४ पासून लागू झाले. तेथील संरक्षित वास्तूंसाठी तर पायऱ्याच मागे सरकवणारी यंत्रे निघाली. कळ दाबली की दगडी पायऱ्या आत जातात, त्यांच्या जागी दडलेली लिफ्ट दिसते, माणूस वर गेला की पायऱ्या पुन्हा आपल्या जागी. वरची जागा मुळीच खर्च होत नाही, मात्र खाली खड्डा खणावा लागतो, आणि पाण्याच्या निचऱ्याची काळजी घ्यावी लागते. कोकण-गोव्याच्या पावसात असे यंत्र बसविणाऱ्याने प्रथम गटार पाहावे.

भारतात १९९५ च्या कायद्याने सार्वजनिक इमारतींत उतारांची तरतूद केली. २०१६ च्या कायद्याने जुन्या सार्वजनिक इमारतीही नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुगम करण्यास सांगितले. नियम जून २०१७ मध्ये निघाले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांतील पंधरावा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरविला, कारण त्याने सुगमतेची मानके केवळ शिफारशींच्या पातळीवर ठेवली होती. १:१२ पेक्षा तीव्र उतार नको, हे भारतीय मार्गदर्शिकाही सांगतात. जोत्याच्या तीन पायऱ्या असतील तर १८ फूट पुरतात. बाजारपेठेत दुकानांवरच्या मजल्यावर असलेल्या वाचनालयास लिफ्टखेरीज गत्यंतर नाही.

दार ओलांडल्यावरचा प्रश्न वेगळा, आणि तो नव्या इमारतीतही कसा निसटतो हे न्यूयॉर्कमध्ये दिसले. क्वीन्स भागात स्टीव्हन हॉल यांनी रचलेले हंटर्स पॉइंट ग्रंथालय सप्टेंबर २०१९ मध्ये उघडले. खर्च चार कोटी डॉलरांहून अधिक, लिफ्ट होती, दारही सपाट होते. परंतु कादंबऱ्यांची कपाटे तीन टप्प्यांवर होती, आणि त्या टप्प्यांवर केवळ पायऱ्यांनीच जाता येई. ज्यांना चढता येणार नाही त्यांना सेवक पुस्तक आणून देतील, असे स्पष्टीकरण देण्यात आले. नोव्हेंबरमध्ये खटला दाखल झाला. कादंबऱ्या त्या टप्प्यांवरून काढून चाकांची खुर्ची जाईल अशा जागी हलविण्यात आल्या.