पोलादाचे ताणबल आणि तन्यता : मरोळच्या औद्योगिक बांधकामांच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
मरोळ हे साष्टी बेटावरील एक जुने गाव. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि महामंडळाच्या औद्योगिक क्षेत्रामुळे या गावाचे रूप पालटले. १९७३ साली लगतच 'सीप्झ' हे निर्यात प्रक्रिया क्षेत्र सुरू झाले. गाळे, कारखाने आणि पुढे बहुमजली कार्यालये यांसाठी आरसीसी बांधकाम रूढ झाले. काँक्रीट दाब सोसते, ओढ मात्र सळई सोसते. म्हणूनच सळईची पारख कोणत्या निकषांवर होत गेली, हा अशा परिसराच्या इतिहासातील महत्त्वाचा प्रश्न ठरतो.

आलेखाचे वाचन :
बल व वाढ यांचे समप्रमाण रॉबर्ट हूक याने १६७८ साली प्रसिद्ध केले. आजच्या ताण-चाचणीत सळईचा नमुना तुटेपर्यंत ओढला जातो. प्रति चौरस मिलिमीटर बल म्हणजे प्रतिबल. मूळ लांबीच्या प्रमाणात झालेली वाढ म्हणजे विकृती. आलेख प्रथम सरळ रेषेत चढतो. या टप्प्यात भार काढल्यास नमुना पूर्ववत होतो. यील्ड पॉइंटनंतरची वाढ मात्र कायम राहते. आलेखाची कमाल उंची म्हणजे ताणबल, तर तुटेपर्यंतची त्याची लांबी तन्यता दर्शविते. तन्य सळई तुटण्यापूर्वी बरीच ताणली जाते. काँक्रीटला तडे जातात, तुळई वाकते आणि माणसांना बाहेर पडण्यास अवधी मिळतो.

मृदू पोलादापासून पिळाच्या सळईपर्यंत :
भारतीय मानक ४३२ नुसार मृदू पोलादाच्या पहिल्या प्रतीच्या, २० मिलिमीटरपर्यंतच्या सळईचे यील्ड प्रतिबल किमान २५० न्यूटन, ताणबल ४१० न्यूटन व वाढ २३ टक्के असावी लागते. १९६० च्या दशकात थंड अवस्थेत पिळलेली सळई प्रचारात आली. पिळामुळे यील्ड प्रतिबल वाढते, पण आलेखावरील स्पष्ट यील्ड पॉइंट नाहीसा होतो आणि तन्यताही घटते. त्यामुळे ०.२ टक्के कायम विकृतीचे प्रतिबल हा निकष स्वीकारावा लागला. मानक १७८६ च्या १९८५ च्या आवृत्तीत 'एफई ४१५' साठी किमान वाढ १४.५ टक्के, तर 'एफई ५००' साठी १२ टक्के होती.

कमी सळईत काम भागते, हे या बदलाचे मोठे आर्थिक आकर्षण होते. परंतु आलेखाखालील क्षेत्रफळ, म्हणजे तुटण्यापूर्वी शोषलेली ऊर्जा, पाहिल्यास चित्र बदलते. किमान आकड्यांवरून ढोबळ हिशेब केल्यास मृदू पोलादासाठी ती प्रति घनमीटर सुमारे ७६ मेगाज्यूल, तर 'एफई ५००' साठी सुमारे ६३ मेगाज्यूल येते. 'दुर्बळ' मानलेली सळई अधिक ऊर्जा पचविते.

मानकांची भूमिका :
भूकंपरोधक तपशिलांचे मानक १३९२० हे १९९३ साली आले. त्या वेळी मुंबई तिसऱ्या भूकंप विभागात होती आणि या विभागातील औद्योगिक वास्तूंना ते मानक लागू होते. त्याने 'एफई ४१५' किंवा त्याहून कमी प्रतीचीच सळई मान्य केली. अधिक बळकट सळई उपलब्ध असूनही ती नाकारण्याचा हा निर्णय अर्थपूर्ण होता. पुढे उष्णता-प्रक्रियेने तयार होणाऱ्या उच्च प्रतीच्या सळईला पुरेशा तन्यतेच्या अटीवर मान्यता मिळाली. २०१६ च्या आवृत्तीने तर प्रत्यक्ष यील्ड प्रतिबल निर्धारित मूल्यापेक्षा २० टक्क्यांहून अधिक नसावे आणि ताणबल यील्ड प्रतिबलाच्या किमान १.१५ पट असावे, असे बंधन घातले. तुळईतील सळई अपेक्षेपेक्षा जास्त बळकट निघाली, तर ती वेळेवर ताणली जात नाही आणि भार खांबावर जाऊन खांब आधी मोडण्याचा धोका वाढतो.

निष्कर्ष :
मृदू सळईपासून आजच्या सळईपर्यंतचा प्रवास केवळ वाढत्या सामर्थ्याचा नाही. सामर्थ्याच्या मागे लागून गमावलेली तन्यता पुन्हा मिळविण्याचाही तो इतिहास आहे. जुन्या औद्योगिक वास्तूंची तपासणी वा पुनर्विकास करताना सळईच्या चाचणी-अहवालातील ताणबलाच्या आकड्यावर थांबणे म्हणूनच अपुरे आहे. वाढीची टक्केवारीही तितक्याच काळजीने वाचली पाहिजे, कारण संकटाची पूर्वसूचना मिळेल की नाही हे तोच आकडा सांगतो.