भेगांचा फोटो: मुखपृष्ठावरचा शेतकरी कोण ठरवतं?

आजचा भाग ज्यांना ऐकायचा नाही, वाचायचा आहे, त्यांच्यासाठी हे लिखित रूप.

सुरुवातीला एक छोटी टेस्ट. 'शेतकरी' हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर काय येतं? बहुतेकांना एकच चित्र दिसतं: भेगाळलेली जमीन, कपाळाला हात लावून बसलेला म्हातारा आणि वर कोरडं आभाळ. बातमी असो, रील असो की पुस्तकाचं मुखपृष्ठ, चित्र तेच. आमच्या यवतमाळच्या वाट्याला तर ते जास्तच येतं. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह आयुष्य संपवलं. राज्यातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून ती ओळखली जाते. तेव्हापासून इकडे येणारा कॅमेरा काय टिपायचं ते आधीच ठरवून येतो.

पण फोटो 'मांडून' काढायची सवय त्याहून खूप जुनी आहे. १८६३ आणि १८६६ साली विल्यम जॉन्सन या मुंबईतल्या फोटोग्राफरचं दोन खंडांचं पुस्तक लंडनमध्ये छापलं गेलं. विषय होता मुंबईत राहणाऱ्या नाना जाती-जमातींची माणसं. त्यातल्या कित्येक फोटोंत माणसं एका निगेटिव्हवरची आणि मागचा देखावा दुसऱ्या निगेटिव्हवरचा. आज आपण बॅकग्राउंड बदलतो ना, तेच, फक्त दीडशे वर्षांपूर्वी. कोण कुठे उभं राहणार आणि मागे काय दिसणार, हे फोटोतल्या माणसाच्या हातात नव्हतं.

आता थेट अमेरिकेत जाऊ, कारण या विषयावरचं सगळ्यात गाजलेलं भांडण तिथलं आहे. १९३६ साल. भयंकर दुष्काळ. आर्थर रोथस्टीन हा तरुण फोटोग्राफर सरकारी खात्यासाठी साउथ डकोटात फिरत होता. त्याला एका बैलाची कवटी सापडली. त्यानं ती भेगाळलेल्या जमिनीवर ठेवून फोटो काढला, मग काही फूट हलवून आणखी काढले. वर्ष निवडणुकीचं होतं. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट दुष्काळी भागाच्या दौऱ्यावर निघाले आणि विरोधी वर्तमानपत्रांनी गजहब केला: फोटो बनावट आहे! त्यांचा आणखी एक मुद्दा होता. ती जमीन खारवट आहे, तिथे अशा भेगा एरवीही पडतात.

गंमत बघा. भेगांबद्दल टीकाकारांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण दुष्काळही खराच होता. एका हललेल्या कवटीमुळे चर्चा कवटीवर गेली आणि दुष्काळ बाजूला पडला.

भेगांचा हा मुद्दा मला ढाणकीत नीट कळला. ढाणकी म्हणजे उमरखेड तालुक्यातलं, पैनगंगेच्या भागातलं आमचं गाव. इथल्या एका निवृत्त गुरुजींनी कापूस एकाधिकार योजनेच्या दिवसांवर आठवणी लिहिल्यात. आजच्या पोरांसाठी सांगतो: १९७२ पासून राज्यात कापूस फक्त सरकारी यंत्रणेनंच विकत घ्यायचा, व्यापाऱ्यानं नाही, अशी योजना होती. खरेदी केंद्रावर बंड्यांच्या रांगा लागायच्या. ग्रेडर कापसात हात घालून प्रत ठरवायचा, प्रतीवर भाव ठरायचा आणि मग चुकाऱ्याची वाट बघायची.

या पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी मे महिन्यात शूटिंग ठरलं आणि मदतीला मी. माझं काम थर्माकोलचा पत्रा धरून उजेड परतवायचा. आणि काय तो तमाशा! बंडी एकाची, बैल दुसऱ्याचे, धोतर-फेटा नाटकवाल्यांकडचा. गंजीवरचा कापूस वाऱ्यानं उडून बाभळीला अडकलेला. एका बैलानं तर प्रॉपर्टीतलाच कापूस चघळायला घेतला. पोट्टे झाडावर बसून शिट्ट्या मारतायत. शहरातून आलेल्या फोटोग्राफरला मात्र शेतातल्या भेगा दिसल्या आणि तो खूश झाला. म्हणाला, "काका, इथे बसा, हात कपाळाला."

काका हसले. "भाऊ, ह्या भेगा त दरसाल पडतेत. पाऊस चांगला झाला तरी पडतेत."

अगदी खरं. कपाशीच्या काळ्या मातीत चिकण जास्त. ओली झाली की ती फुगते, वाळली की आकसते आणि चिरते. वरची मोकळी माती त्या भेगांत पडते, म्हणजे जमीन स्वतःच थोडीफार खालीवर होते. ज्याला आपण फोन झूम करून दुष्काळ म्हणतो, तो पुष्कळदा काळ्या मातीचा नेहमीचा उन्हाळा असतो.

धोतर नेसायला काका तयार होते, कारण त्या काळात त्यांचे वडील धोतरच नेसायचे. कपाळाला हात लावायला नाही. "माझा बाप बंडीखाली झोपे, ग्रेडरसंगं भांडे. असा बसला नाही कधी."

मग फोटो बदलला. गुरुजी स्वतःच ग्रेडर झाले. बंडीतल्या कापसात त्यांचा हात कोपरापर्यंत, आणि काकांची नजर त्या हातावर. चेहऱ्यावर रडणं नाही, संशय आहे. बस, तेच मुखपृष्ठ.

हा फोटोही शंभर टक्के नाटकी, पण मला तो खरा वाटतो. कारण मला कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा १९२५ चा मूकपट 'सावकारी पाश' आठवतो. ना. ह. आपट्यांची कथा, तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. तोही अभिनयच होता. पण त्यात जमीन जाते ती आभाळामुळे नाही, सावकाराच्या कागदामुळे, आणि शेतकऱ्याला शहरात मजुरीला जावं लागतं. दुःखासोबत दुःख देणाराही पडद्यावर होता.

माझा मुद्दा एवढाच आहे. मांडून काढला म्हणून फोटो खोटा होत नाही. पण भाव ठरवणारा हात फ्रेमबाहेर ठेवला आणि फक्त माती-आभाळ दाखवलं, की सगळा दोष पावसावर जातो. पावसाला कोण जाब विचारणार? ग्रेडरला, बाजाराला, सरकारला विचारता येतो.

म्हणून पुढच्या वेळी असा फोटो फॉरवर्ड करण्याआधी दोन प्रश्न विचारा. ही माती कुठली, आणि महिना कोणता? आणि या फ्रेममधून कोणाला कापलंय?

तुमच्या गावातल्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर काय आहे, ते नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!