संसदेच्या भिंती आणि आपण



सरकारी इमारतीत आपण कामापुरते जातो. उतारा, दाखला, कोर्टाची तारीख. भिंतीवर काय लावले आहे ते पाहायला सवड नसते. परंतु राज्य आपल्या भिंतीवर जे लावते, त्यातून ते कोणता इतिहास आपला मानते हे कळते. त्यासाठी दिल्लीच्या जुन्या संसद भवनाकडे पाहू. महाराष्ट्राबाहेर रुजलेल्या आपल्या घराण्यांचा एक धागा तेथवर पोहोचला आहे.

लट्येन्स आणि बेकर यांनी आखलेली ही वास्तू १८ जानेवारी १९२७ रोजी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते खुली झाली. वास्तू परक्या सत्तेची, गोलाकार ओवरीला १४४ खांब. स्वातंत्र्यानंतर तीच वापरात राहिली. मग ती आपली कशी करायची? तिच्या भिंतींवर या देशाचा इतिहास रंगवावा, ही कल्पना गणेश वासुदेव मावळंकर यांची.

दादासाहेब मावळंकरांचे घराणे मूळचे रत्नागिरीकडील मावळंगे गावचे. त्यांचा जन्म १८८८ साली बडोद्यात झाला आणि कर्मभूमी अहमदाबाद. तुरुंगातल्या कैद्यांविषयीचे आपले गाजलेले पुस्तक त्यांनी गुजरातीत लिहिले. घरची भाषा मराठी, गावाची गुजराती, आणि दोन्हींशी इमान. ही रीत आपल्याला नवी नाही.

१९५१ साली अध्यक्षांच्याच नेतृत्वाखाली एक नियोजन समिती नेमली गेली. इतिहासाचे जाणकार आणि कलावंत एकत्र बसले. मोहेंजोदडोपासून स्वातंत्र्यापर्यंतचे प्रसंग ठरले आणि तळमजल्याच्या बाहेरच्या ओवरीत पन्नासहून अधिक चित्रे लागली. भिंत मोजकी, इतिहास अफाट. त्यामुळे काय घ्यायचे याबरोबरच काय वगळायचे हेही ठरवावे लागते. असा निर्णय एकट्या चित्रकारावर किंवा एकट्या मंत्र्यावर सोपवला नाही, हे मला मोलाचे वाटते. आम्हा होमिओपॅथांना रोग्याची सगळी हकीकत ऐकल्यावाचून औषध देता येत नाही. देशाची हकीकत मांडतानाही अनेकांचे ऐकावेच लागते.

मध्यवर्ती सभागृहात लोकमान्य टिळकांचे तैलचित्र आहे. ते गोपाळ देऊसकरांनी काढले आणि टिळकांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९५६ मध्ये, तेथे लागले. त्याच वर्षी फेब्रुवारीत दादासाहेब निवर्तले होते.

सप्टेंबर २०२३ मध्ये संसदेचे कामकाज नव्या इमारतीत गेले आणि जुन्या भवनाचे नाव 'संविधान सदन' झाले. येथे खरा प्रश्न उभा राहतो. इमारतीतले काम हलले की भिंतीवरच्या चित्रांकडे पाहणारे डोळेही हलतात. दिल्लीतल्या चित्रांची निदान नोंद आहे. आपल्या गावच्या जुन्या कचेरीचे, न्यायालयाचे, नगरपालिकेच्या सभागृहाचे काय? संस्थानी काळातल्या तसबिरी, अर्धपुतळे आणि मोडीतले शिलालेख अनेक ठिकाणी आहेत. खालची पाटी गेली की त्यातला माणूस अनोळखी होतो, आणि पुढच्या रंगरंगोटीत तसबीर अडगळीत जाते.

वाचकहो, हे ओळखणारी माणसे आज आपल्याच घरांत आहेत, आणि त्यांची वये झाली आहेत. म्हणून एक विनंती. पुढच्या वेळी कचेरीत जाल तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना सोबत न्या. कोणाची तसबीर, कोणी दिली, कोणत्या साली लागली, हे त्यांना विचारून कागदावर उतरवा. एक प्रत कार्यालयात रीतसर अर्जासोबत द्या, दुसरी आपल्या मंडळाच्या ग्रंथालयात ठेवा. त्या भिंतीवर आपलाही हक्क आहे. तो सांगायचा तर आधी तिच्यावर काय आहे हे आपल्याला ठाऊक हवे.